जाईन म्हणते

मेडशीच्या त्या मुलीला जपानवाल्यांनी नाकारलं नव्हतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तिला मी सांगितलं ते नेमकं उलटं, आणि ते खरं धरून ती आज माझ्याच वर्गात मुलांना शिकवते आहे.

मी मालेगावला राहतो. आमचं मालेगाव, वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडचं नव्हे, हे दर वेळी सांगावंच लागतं. बसस्टँडपासून जवळ एक कृषी सेवा केंद्र आहे, त्याच्या माडीवर मी जपानी भाषेचा वर्ग घेतो. जिना बाहेरून आहे. पेरणीच्या दिवसांत वर्गात बसलं की खताचा आणि फवारणीच्या औषधांचा वास येत राहतो. मुलं म्हणतात, सर, जपानले गेल्यावर आमाले युरियाचा वास आला का जपानी आठवीन.

मी जपानी शिकलो ते पुण्याकडच्या एका कारखान्यात. तयार झालेला माल तपासायचं काम होतं, वरचे साहेब जपानी. ते बोलायचे कमी, मीही कमी बोलणारा, त्यामुळे आमचं जमलं. घरात अजून म्हणतात की हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. त्या भाषेत कमी बोलणं हा दोष धरत नाहीत, हे मला फार बरं वाटलं होतं. संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या. पुढं कारखान्यानं माणसं कमी केली, मी गावाकडं आलो आणि पाटी लावली. लोक हसले. एकानं तर चहाच्या टपरीवर मला ऐकू जाईल असं म्हटलं, "सोयाबीन पेरणाऱ्याइले जपानी शिकवून राह्यला म्हणे." मग हळूहळू कळत गेलं की तिकडं म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला हात कमी पडतात, आणि नर्सिंगचा छोटा कोर्स केलेल्या मुलींना तिथं काम मिळू शकतं. खासगी दवाखान्यांत रात्रपाळ्या करून कंटाळलेल्या मुली माडी चढू लागल्या. मेडशीची ती मुलगी त्या पहिल्या तुकडीतली.

मनातला इरादा सांगायचा धडा मला सगळ्यांत आवडतो. आवडायचा, असं म्हणायला हवं.

जपानी वाक्य मराठीच्याच चालीनं चालतं, क्रियापद शेवटी. त्यामुळं आपली पोरं हा धडा पटकन उचलतात. इकु म्हणजे जाणे. इकिताइ देस, मला जायचंय. यात नुसती इच्छा आहे, तिला हातपाय नाहीत. इकु त्सुमोरि देस, जायचा इरादा आहे. इथं माणसानं मनाशी काही धरलेलं असतं. योतेइ म्हणजे ठरलेली गोष्ट, तारीख निघाली, तिकीट झालं, आता फक्त निघायचं. आणि यांच्यामध्ये कुठंतरी एक आहे, इको-ओ तो ओमोत्ते इमास. पुस्तकात त्याचा अर्थ 'जाण्याचा विचार करीत आहे' असा दिलेला. मी तोच फळ्यावर लिहिला. मुलांचे चेहरे कोरडे.

मागच्या बाकावरून ती म्हणाली, "सर, हे तं आपलं 'जाईन म्हंते' झालं."

मी फळ्याकडं तोंड करून उभा होतो, तसाच राहिलो. बरोबर तेच. औंदा तूर जास्त पेरीन म्हंतो. दिवाळीले माहेरी जाईन म्हंते. मनात आलंय, बऱ्यापैकी मुरलंय, पण समोरच्यानं काही म्हटलं तर अजून बदलायला जागा आहे. इतकी वर्षं मी ती भाषा बोललो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून मी तो धडा तसाच शिकवतो. हे कुणी शोधलं ते मात्र कोणत्याच तुकडीला सांगितलं नाही.

त्याच धड्यात पुढं एक भाग येतो. 'इकिताइ'मधलं 'ताइ', म्हणजे मला हवंय, हे आपल्यापुरतं. दुसऱ्याला काय हवंय ते सांगायचं तर 'तिला हवंसं दिसतं' किंवा 'हवंय असं ती म्हणते' अशी वळणं घ्यावी लागतात, कारण दुसऱ्याच्या मनात तुम्ही शिरलेले नसता. एकीनं विचारलं, म्हणजे आईच्या मनात काय हाये हे मले सांगता येत नाई का? येतं, म्हटलं, पण दिसतं तेवढंच सांगायचं. किन्हीराजाची एक मुलगी होती, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "आमच्या घरी उलटं हाये सर. माह्या मनात काय हाये ते आधी बाप सांगते, मंग मले समजते." वर्ग हसला. मीही हसलो.

मेडशीची ती मुलगी हसली नव्हती असं मला आठवतं, पण ते माझं नंतरचं आठवणंही असेल. अंगानं बारीक, चालणं भरभर. सकाळच्या एसटीनं यायची, वर्ग संपला की कुणी न सांगता फळा पुसायची आणि दुपारच्या एसटीनं जायची. काही विचारलं की लगेच बोलायची नाही. वर पंख्याकडं बघायची, थांबायची, आणि मग पूर्ण वाक्य द्यायची, ज्यात क्वचितच चूक असे. बाकीच्या मुलींना मी बजावून सांगितलं होतं की मुलाखतीत गप्प राहू नका, काही सुचलं नाही तर 'सोओ देस ने' म्हणून वेळ काढा. तिला तसं सांगितलं नाही. तिला म्हटलं होतं, तिथं माणूस विचार करत असला की समोरचा थांबतो, तू तुझा वेळ घे. हे मीच तिला म्हटलं होतं.

सरावाच्या मुलाखतीत मी प्रत्येकीला 'शोओराइ' विचारलं, म्हणजे पुढं काय करायचं मनात आहे. बहुतेकींची उत्तरं माझीच होती, मीच पाठ करून घेतलेली. तिनं पंख्याकडं पाहिलं आणि आपलं उत्तर दिलं: काइगो फुकुशिशि नि नात्ते, निहोन दे नागाकु हाताराकु त्सुमोरि देस. देखभालीची तिथली मोठी परीक्षा पास होऊन जपानमध्ये बरीच वर्षं काम करायचा इरादा आहे. 'जाईन म्हंते' नव्हे. त्सुमोरि.

मी मराठीत विचारलं, घरी माहीत आहे का.

"नाई सर. घरी तीन वर्सं सांगितले. तुमी सांगू नका."

नाही सांगत, म्हटलं.

तिचे वडील त्याच आठवड्यात माडी चढून आले. मेडशीला सोयाबीन आणि तूर पेरणारा माणूस, स्वभावानं मोकळा, शब्दाला पक्का; गावात लोक त्याचं ऐकत. आणखी दोन घरच्या मुली त्याची मुलगी जाते का ते बघून ठरवणार होत्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं मुद्द्याला हात घातला.

"सर, सरळ इचारतो. पोरगी तीन वर्सानं वापस येईन नं? तुमची जबान पाह्यजे."

येईल, मी म्हटलं. माझी जबान.

दोघांच्या मनातलं मला माहीत होतं आणि दोघांनाही मी हो म्हटलं. वर्ग नवा होता. पहिल्या तुकडीतून कुणी गेलं नसतं तर ती पाटी उतरवावी लागली असती. त्या वेळी हे मला खोटं वाटलं नाही. वाटलं, एकदा जाऊ तर दे, पुढचं पुढं.

मुलाखत माझ्या वर्गातच झाली, लॅपटॉपवर. तुकडीतल्या तिघींची त्या दिवशी होती, एकेकीला वर बोलवायचं, बाकीच्या खाली दुकानाजवळ. घरच्यांनी यावं असं काही नव्हतं, पण वडील म्हणाले, पोरगी परक्या मुलखात पाठवायची तर लोक कसे हायेत ते पाहू तरी. मला नाही म्हणता आलं नाही. मग वडील आले, आई आली, मामाही आला. वडलांचा पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. आईनं डब्यात चिवडा आणला होता. मुलीला मी पांढरा शर्ट आणि काळी पँट सांगितली होती, तशीच ती आली. पण खुर्चीवर बसल्यावर आईनं मागून येऊन तिच्या खांद्यावर ओढणी टाकली. तिनं ती काढली, चौघडी केली आणि मांडीवर ठेवली. मामा लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत म्हणाला, "पाह्यणे तं डब्यात बसेल हायेत. यायले चहा कसा द्याव?"

सगळे हसले, आणि कार्यक्रम कसला आहे ते तिथंच ठरून गेलं. ते मुलगी पाहणं होतं.

आमच्याकडं मुलगी पाहायला येतात तेव्हा प्रश्न मुलीला विचारतात आणि उत्तर बाजूचा माणूस देतो. मामा, काका, मोठा भाऊ. पुढं शिकायचं आहे का, खेड्यात राहशील का, असं पाहुण्यांनी मुलीकडं बघत विचारायचं, मुलीनं खाली बघायचं, आणि बाजूच्यानं म्हणायचं, नाही नाही, तिला घरचं सगळं येतं. मुलगी गप्प बसली तर वळणाची. पटकन बोलली तर तोंडाळ. यात कुणी कुणाला दाबतंय असं कुणाच्या मनातही येत नाही, उलट बाजूचा माणूस बोलला नाही तर पोरीला वाऱ्यावर सोडलं म्हणतात. मी स्वतः असा बसलेलो आहे. बहीण बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती, पाहुण्यांनी तिला विचारलं की कॉलेज पुरं करायचं आहे का, आणि मी सांगितलं, तसं काही नाही. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बहिणीनं पुढं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, म्हणून मी समजलो की माझं उत्तर बरोबर होतं.

पडद्यावर दोन पुरुष होते आणि मधे एक वयस्क बाई. वृद्धांच्या एका संस्थेची ती प्रमुख. विचारणं तिचंच चाललं होतं. मी खुर्चीच्या बाजूला, कॅमेऱ्यात अर्धा दिसेन असा बसलो होतो. अडलं तर दुभाषी म्हणून. सुरुवात उत्तम झाली. मुलीनं आपली ओळख सांगितली. दवाखान्यातल्या एका म्हातारीबद्दल सांगितलं, जी कुणाच्या हातून जेवत नसे, आणि हिनं आधी तिची वेणी घालून द्यायला सुरुवात केली, मग ती जेवू लागली. बाई हसल्या. कागदावर काही लिहिलं.

मग त्यांनी विचारलं, जपानमध्ये किती काळ काम करायचा तुमचा त्सुमोरि आहे?

मुलीनं वर पंख्याकडं पाहिलं.

तिच्या मागच्या बाकावर वडील बसलेले. त्यांना जपानी येत नव्हतं, पण प्रश्न आला आणि पोरगी बोलत नाही एवढं सगळ्यांना दिसत होतं. "काय इचारलं?" ते हळूच म्हणाले. आईनं पदर सावरला. मामा खाकरला, आणि ते खाकरणं मला ओळखीचं होतं. पाहण्याच्या बैठकीत बाजूच्या माणसानं बोलावं म्हणून असंच खाकरतात. सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाजूला मीच बसलो होतो.

मी पुढं वाकलो आणि म्हटलं, सान्नेन दे काएरु योतेइ देस. तीन वर्षांनी परतायचं, असं ठरलेलं आहे.

आणि वळून तेच वडलांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. जबान पाळली गेली होती.

पडद्यावरच्या बाई घाईत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं पाहून अगदी मऊ आवाजात म्हटलं, होन्निन नि किइते इमास. मी तिला स्वतःला विचारते आहे. खोलीत हे दोघांनाच कळलं, मला आणि तिला. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला, शब्द न शब्द तोच.

तिनं या वेळी पंख्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी काय करायला हवं होतं ते आज मला माहीत आहे: उठून बाहेर जिन्यावर जायला हवं होतं. मी बसून राहिलो. मग तिनं पडद्याकडं तोंड केलं आणि म्हटलं, सेन्सेइ नो इउ तोओरि देस.

सर म्हणतात तसंच आहे.

बाईंनी मान लववून आभार मानले. घरचे खूश होते. आपली पोरगी काय फर्डं बोलली म्हणून आईनं चिवडा सगळ्यांना वाटला. मामानं जिना उतरताना विचारलं, पसंती कवा कळवतीन? मी म्हटलं, कळवतील आठवडाभरात. मुलगी सगळ्यांच्या मागं राहिली होती. तिनं फळा पुसला. फळ्यावर त्या दिवशी काही लिहिलेलं नव्हतं.

हे इथवरचं मी स्वतःला माफ करू शकलो असतो. घाई झाली, रीत आड आली, माणूस चुकतो. पुढचं तसं नाही.

मुली पाठवायचं काम मधल्या एका कार्यालयाकडून चालायचं, तिथल्या समन्वयक बाईंचा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो. हातात मेथीची जुडी होती. त्या म्हणाल्या, दोघींची निवड झाली. तिसरी, ती मेडशीची, तीच खरं तर त्यांना सगळ्यांत आवडली आहे. फक्त त्यांना तिच्याशी एकदा एकटीशी बोलायचंय.

"घरचे नकोत," त्या म्हणाल्या, "आणि सर, राग मानू नका, तुम्हीपण नको."

मी म्हटलं, "तिच्या घरचे आता तयार नाहीत. तीही नाही म्हणते."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी वाईट वाटलं म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. मी कोथिंबीर घेतली, लिंबं घेतली. भाव केल्याचंही आठवतं.

असं का म्हटलं याची दोन कारणं मी स्वतःला देत आलो. एक, एकटीशी बोलले असते तर तिनं खरं सांगितलं असतं, ते घरी कळलं असतं, आणि तिच्या बापाला मी दिलेली जबान खोटी ठरली असती. त्याचं ऐकून मेडशीच्या त्या दोन घरच्या मुलीही मग वर्गाला आल्या नसत्या. हे कारण खरं आहे. पण दुसरं जास्त खरं आहे आणि ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. 'तुम्हीपण नको' हे मला झोंबलं. मी शिकवलेली मुलगी, मी बसवलेली मुलाखत, आणि मलाच बाहेर जा म्हणतात. एका मुलीचं आयुष्य मी भर बाजारात एवढ्याशा रागावर अडवलं. तिनं 'नाही' असं कधीच म्हटलं नव्हतं. तिच्या तोंडचं म्हणून मी दुसऱ्यांदा बोललो, आणि या वेळी ती तिथं नव्हतीही.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. जिन्यातच तिनं विचारलं, काही कळलं का. मी म्हटलं, दोघींची निवड झाली, तुझी नाही झाली.

ती दोन पायऱ्या खाली होती. उन्हानं डोळे बारीक केलेले.

"मी गप राह्यली म्हणून का, सर?"

तेव्हा वेळ होती. तेव्हाही फोन लावता आला असता, समन्वयक बाईंनी ऐकलं असतं. मला ते सुचलं नाही असंही नाही, सुचलं होतं.

"थोडं तसंच," मी म्हटलं.

ती 'बरं' म्हणाली. त्या दिवशी वर्गात पूर्ण वेळ बसली.

वडलांना फार वाईट वाटलं नाही. नशिबात नव्हतं म्हणाले, आणि थोड्या वेळानं, बरं झालं म्हणा, असंही म्हणाले. निवड झालेल्या दोघी गेल्या. निघण्याआधी त्यांचा हार घातलेला फोटो काढला, तो अजून वर्गात लावलेला आहे. पुढच्या तुकड्या त्या फोटोच्या जोरावर आल्या.

ती वाशीमला एका खासगी दवाखान्यात लागली. मधे बरेच दिवस दिसली नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी माडी चढून आली आणि म्हणाली, सर, भाषा विसरून राह्यली मी, वर्गात बसू का? मी म्हटलं, बसू नको, शिकव. मोठेपणा केल्यासारखं वाटलं मला तेव्हा. काहीतरी फेडतोय असं वाटलं. आता ती दवाखान्याच्या पाळ्या सांभाळून आठवड्यातले निम्मे वर्ग घेते आणि माझ्यापेक्षा चांगली घेते. मोठी मुलंही तिला 'मॅडम' म्हणतात, तिच्या शिस्तीत राहतात. इराद्याचा धडा मी तिच्याकडंच दिला. मला तो घेववत नाही.

माझं टेबल बाहेरच्या खोलीत आहे, दार उघडं असतं. ती तो धडा कसा सुरू करते ते मला पाठ झालंय. आधी 'जाईन म्हंते' लिहिते. मुलं हसतात. मग ती सांगते:

"मी तुमच्यासारखीच बसली होती इथं. मले जपानी तुमच्याइतकं येत होतं, थोडं जास्तच म्हणा. तरी मले तिकडून नाई म्हटलं. काहून? ऐन टायमाले मी गप बसली. सरांना माह्या जागी बोलाव लागलं. तुमी बसू नका."

सरांना बोलाव लागलं. ती मला त्यात सोडवून घेते. दर तुकडीला घेते. मी बाहेर हजेरी मांडत बसतो.

आता पुन्हा मुलाखती आहेत. समन्वयक बाईंनी मागच्या महिन्यात फोनवर सहज विचारलं, तुमच्या मॅडमचं जपानी इतकं चांगलं आहे, त्या स्वतः का बसत नाहीत? मॅडम म्हणजे तीच मेडशीची मुलगी, हे त्यांना माहीत नसावं; मी तेवढं तिच्या कानावर घातलं. ती वह्या गोळा करत होती. "एकदा नाई म्हटलं त्याइनं, सर," ती म्हणाली. "परत काहून तोंड दाखवाव?" आणि वह्यांचे कोपरे जुळवत राहिली.

त्यानंतर तिचे वडील आले. थकलेत आता, जिना चढून बाकावर बसले आणि पाणी मागितलं. मला वाटलं, लग्नाचं काही बोलतील. ते म्हणाले, तिच्याबरोबरच्या दोघी मधे गावात येऊन गेल्या, त्याइले पाह्यलं, पोरी कशा बोलतात, कशा चालतात. त्या रात्री आपण जेवलो नाही. आपल्या पोरीतच काय कमी होतं, हे त्यांना समजत नव्हतं.

"तुमीच सांगा तिले. मी तं म्हंतो, जाय. किती वर्सं राह्यते तं राह्य, आता मोजत नाई मी. पण ते आयकतच नाई. तिच्या मनानं घेतलं का जपाननं आपल्याले नापसंत केलं."

बोलतो, मी म्हटलं.

म्हणजे अडवणारं आता कुणीच राहिलेलं नाही. ज्या बापाच्या नावानं मी स्वतःची समजूत घालत होतो तो स्वतः येऊन सांगून गेला. उरलं ते माझं एक वाक्य, आणि ते फक्त मलाच मागं घेता येतं. पुढल्या मुलाखतीची नावं या महिनाअखेर जायची आहेत. तिचं वयही तिथंच थांबून राहणार नाही. तिकडं तरुण पोरी पुढं घेतात हे तिला माझ्याइतकंच कळतं.

त्सुमोरिचं एक भूतकाळी रूप आहे, त्सुमोरि देशिता. इरादा होता. ते वापरलं की ऐकणाऱ्याला न सांगता कळतं की पुढं काही झालेलं नाही. वडील येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगायचा माझा इरादा होता. मग दवाखान्यातून तिची पाळी बदलली, मग पाऊस होता, मग मुलांची परीक्षा. माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

परवा ती मुलांकडून एकेक वाक्य घेत होती. शिरपूरचा एक मुलगा म्हणाला, आधी आईवडलांना घर बांधून द्यायचा त्सुमोरि आहे. एक म्हणाली, बर्फ पाहीन म्हंते. हशा. मग त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमचं सांगा ना. तुमचा इरादा काय?"

आतून लगेच आवाज आला नाही. मी बाहेर बसून होतो, तरी मला कळलं की तिनं वर पंख्याकडं पाहिलं असणार. मुलंही थांबली. तिनंच त्यांना तसं थांबायला शिकवलंय.

"माह्यं काय," ती म्हणाली, "मी तुमाले शिकवीन म्हंते."

मुलं हसली, तीही हसली. मी उठलो आणि खाली दुकानात जाऊन उगाच बियाण्याचे भाव विचारत उभा राहिलो.

तिला एकटीला बाजूला घेऊन सांगावं असं आधी मनात होतं. पण गप्प राहिल्याचा दोष ती आजवर प्रत्येक तुकडीसमोर स्वतःवर घेत आली आहे, फळ्याजवळ उभी राहून. तेव्हा बाजूला घेऊन सांगणं म्हणजे पुन्हा माझीच सोय. संस्थेनं तिला नाही म्हटलं नव्हतं, तिला परत बोलावलं होतं, आणि नाही मी म्हटलं होतं: हे त्याच फळ्याजवळ, तिच्या मुलांसमोर आणि तिच्या वडलांसमोर, महिना संपायच्या आत सांगणं मी तिचं देणं लागतो. ते सांगून झाल्यावर ती जे म्हणेल ते मधे न बोलता ऐकणंही लागतो. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.